काळा कातळ आणि चकाकते पाणी

छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण ही महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट नव्हे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात सहभागी झाले, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गही निघाला. त्या काळच्या विद्यार्थ्याला चित्र घेणे आणि चित्र प्रकट करणे या दोन्ही क्रिया शिकाव्याच लागत. पुढे रोल धुवायला दुकानात देण्याची सोय झाली आणि विद्येची वाटणी झाली. अंधारखोलीत पाऊल न टाकता कृष्णधवल छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याच्या हाती त्यातले अर्धेच येते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण डोळ्यांनी पाहिलेल्या प्रकाशाचे आपण नेमके काय केले, याचा जाब त्याला तेथेच द्यावा लागतो.

या अभ्यासाला पुण्याच्या आसपास खडकवासल्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. सूर्य पश्चिमेकडे कलला की जलाशयाचा पृष्ठभाग डोळे दिपवून टाकतो, आणि त्याच चौकटीत सावलीतला काळा कातळ उभा असतो. (पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे, तेथे अथवा धरणावर कॅमेरा नेण्यापूर्वी परवानगीची तजवीज अवश्य करावी.) प्रकाशमापक हे यंत्र समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करड्या रंगाची समजते. पाण्याची चकाकी त्यास दाखविली, तर ते प्रकाश इतका कमी घ्यावयास सांगते की कातळाचा सारा तपशील फिल्मवर उमटतच नाही, आणि जे फिल्मवर उमटले नाही ते पुढे कोणत्याही रसायनाने परत आणता येत नाही. म्हणून मापन सावलीतल्या दगडाचे करावे, आणि तो दगड काळाच दिसावा यासाठी मापकाने सांगितलेल्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा. छायेसाठी प्रकाश मोजावयाचा आणि उजळ भागासाठी फिल्म धुवावयाची, हे या विद्येतले जुने सूत्र आहे.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाशस्पर्शाने त्यांत बदल घडतो, परंतु तो अदृश्य असतो; डेव्हलपर त्या स्पृष्ट स्फटिकांचे शुद्ध, काळ्या चांदीत रूपांतर करतो, आणि हायपो उरलेले क्षार विरघळवून काढतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली नोंदविला होता, म्हणजे छायाचित्रणाची विद्या जगापुढे जाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी. १९२७ पासून प्रचारात असलेला डी-७६ हा डेव्हलपर घरीही बनविता येतो: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. पुस्तकांतले वेळापत्रक मात्र बहुधा २० अंश सेल्सिअसचे असते, आणि वैशाखात पुण्याच्या नळाला येणारे पाणी त्याहून कितीतरी ऊन असते. २० अंशांना साडेसात मिनिटे लागणारी फिल्म २४ अंशांना साडेपाचांच्या आतच तयार होते. तेव्हा डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवून तापमानाचा बंदोबस्त करणे, हे येथल्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय.

खरा आनंद छपाईत आहे. फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला जागी असते, म्हणून ती टाकीत भरताना मिट्ट काळोख हवा. छपाईच्या कागदावर मात्र तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नाही, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली बोटे आणि डोळे निर्धास्तपणे काम करू शकतात. एन्लार्जरखाली कागदाची एक पट्टी ठेवून, तिचा थोडा थोडा भाग पुठ्ठ्याने झाकत पाच पाच सेकंदांच्या पायऱ्या पाडाव्यात, आणि योग्य वेळ त्या पट्टीवरून ठरवावी. मग पूर्ण कागद. कातळ फार गडद होत असेल तर प्रकाश पडत असताना त्यावर हाताची हलती सावली धरावी. आकाश फिके पडत असेल तर तेवढ्याच भागाला अधिक सेकंद द्यावेत. हात मात्र सतत हलता हवा, नाहीतर सावलीची कड कागदावर उमटते. ही हस्तक्रिया वाचून येत नाही, ती जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागते.

मग येते धुलाई. प्लॅस्टिकचे अस्तर असलेला कागद काही मिनिटांत स्वच्छ होतो. परंतु बराइटा कागदाच्या तंतूंत हायपो मुरतो, आणि तो तासभर वाहत्या पाण्यात निघाला नाही तर काही वर्षांनी छापा पिवळा पडतो. पुण्यातल्या अंधारखोलीत हे पाणी येते ते बहुतांशी खडकवासल्याहूनच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने हेच धरण फोडले होते, आणि त्या दिवसांच्या ज्या कृष्णधवल छायाचित्रांवरून आज त्या प्रलयाची कल्पना येते, त्यांच्यामागेही अशीच कोणीतरी केलेली निगुतीची धुलाई आहे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत अथवा ओढ्यात न ओतता बरणीत साठवावा आणि चांदी वेगळी काढणाऱ्याकडे द्यावा.

छापा तारेवर टांगल्यावर निकाल लगेच देऊ नये. ओल्या कागदावरचे उजळ भाग वाळताना किंचित गडद होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तो पाहावा, आणि पाण्याची चकाकी मंदावली असेल तर पुढल्या कागदाला थोडा कमी प्रकाश द्यावा.