जन्मजात गुन्हेगार : एका सरकारी शिक्क्याची दीडशे वर्षे

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात एखाद्या वस्तीवर रात्रीची घरफोडी झाली किंवा शेतातली मोटर गेली की पंचनामा होण्याआधीच संशयाचे बोट ठरलेल्या दिशेला वळते : गावाबाहेर पारध्यांची पाले पडली असतील तर त्या पालांकडे, नसतील तर रामोशी वस्तीकडे किंवा कैकाड्यांच्या बिऱ्हाडाकडे. या बोटामागे एक ठाम समजूत उभी असते, ती अशी की काही जातींच्या रक्तातच चोरी असते, त्यांची मुले ती आईच्या दुधासोबत शिकतात, आणि पोलिसांचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या त्याची साक्ष देत आले आहे. ही समजूत निखालस खोटी आहे. ती अडाणी माणसाच्या तोंडी असते तशी शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असते, आणि शिकलेला माणूस तिच्या समर्थनार्थ आकडेवारी पुढे करतो, म्हणून तिचा समाचार सविस्तर घ्यावा लागतो.

प्रथम ज्या जातीचे नाव या संदर्भात सर्वांत आधी घेतले जाते तिचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. रामोशी हे मराठी मुलखातील गावांचे आणि गडांचे राखणदार होते. गावगाड्यात रात्रीची गस्त त्यांच्याकडे असे आणि त्याबद्दल त्यांना गावाकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळत. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढणे हे त्यांचे काम होते. धुळीत उमटलेले पाऊल ओळखत, ते झाकून जपत, त्या मागावरून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जायचे आणि तिथे तो माग त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा, अशी रीत होती. माग आपल्या हद्दीतच हरवला तर चोरीला गेलेल्या मालाची जबाबदारी राखणदारावर आणि त्याच्या गावावर येई. ज्या जातीच्या हाती गावाने आपल्या कणग्या, गुरे आणि गंजी सोपवल्या, नुकसानीची भरपाईही जिच्याकडून मागितली, ती जात उपजतच चोर असती तर ही व्यवस्था एक हंगामही टिकली नसती, एवढा साधा विचार हा गैरसमज पसरवणाऱ्यांच्या मनाला शिवत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, राखणदारीचे जुने हक्क आणि इनामे आक्रसली, आणि ज्यांची भाकरी या व्यवस्थेवर होती त्यांच्यातून बंडे उभी राहिली. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक हे त्यांतले सर्वांत मोठे नाव असून कंपनी सरकारने त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावातही रामोशी मोठ्या संख्येने होते. सरकारच्या दप्तरात बंडखोर, दरोडेखोर आणि चोर हे तिन्ही शब्द एकाच पानावर येऊ लागले, आणि कालांतराने त्यांतला फरक पुसला गेला.

फरक पुसण्याचे हे काम १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण केले. सुतारकी किंवा विणकाम जसे बापाकडून मुलाकडे जाते तसाच गुन्ह्याचाही वंशपरंपरागत धंदा असला पाहिजे, असा युक्तिवाद हा कायदा मांडताना सरकारी बाजूने झाला. जातिव्यवस्थेचे अर्धवट ज्ञान आणि त्या काळी युरोपात बोकाळलेले रक्त-वंशाचे भ्रामक सिद्धान्त यांच्या मिश्रणातून हा कायदा जन्मला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली आणि १९२४ मध्ये त्याची पुन्हा नव्याने मांडणी झाली. या कायद्यान्वये सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी चावडीवर किंवा ठाण्यात हजेरी द्यावी लागे आणि परगावी जायचे तर पास घ्यावा लागे. मूळ १८७१ च्या कायद्यात तर अशा जाहीरनाम्याच्या वैधतेची शहानिशा कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही असे कलमच होते. आरोप जातीवर, पुराव्याची गरज नाही, आणि दाद मागायची सोय नाही, अशी ही रचना होती. काही जमातींना वसाहतींत डांबण्यात आले, त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूरच्या सेटलमेंटमधील तारेच्या कुंपणाची आठवण तिथल्या जुन्या कुटुंबांत आजही आहे.

आता ज्या मुद्द्यावर हा गैरसमज सर्वाधिक तग धरून आहे त्याकडे वळू. ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही, या जातींची नावे पोलीस दप्तरात एवढी येतात ती उगाच का?’ असा प्रश्न विचारला जातो आणि विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांतच आहे. हजेरी चुकली तर तो गुन्हा होता. पास न घेता शीव ओलांडली तर तो गुन्हा होता. लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या गावी गेलेली आई, बाजारात बैल विकायला गेलेला आणि वेळेत न परतलेला बाप, कामाच्या शोधात माणदेश सोडून ऊस-पट्ट्यात उतरलेला तरुण, हे सगळे या कायद्यापुढे आरोपी ठरत, आणि ज्या कृतीबद्दल त्यांना शिक्षा होई ती कृती शेजारच्या घरातल्या कुणब्याने किंवा वाण्याने केली असती तर ती कृती म्हणून कोणाच्या लक्षातही आली नसती. अशा शिक्षा दप्तरात चढल्या, दप्तरावरून जमातीचे ‘गुन्ह्याचे प्रमाण’ काढले गेले, त्या प्रमाणाच्या आधारे हजेरी आणखी कडक झाली आणि कडक हजेरीतून आणखी शिक्षा निघाल्या. धूर होता हे खरे, पण चूल सरकारने पेटवली होती. एकाच जमातीच्या दारात शिपाई उभा करायचा, बाकीच्यांची दारे मोकळी सोडायची आणि मग गुन्हे त्याच दारात सापडतात असे म्हणायचे, याला आकडेवारी म्हणता येत नाही. हे दीडशे वर्षे सांगितले जात आहे, तरी दर घरफोडीनंतर तोच प्रश्न तशाच ऐटीत पुन्हा विचारला जातो, याची चीड आल्याशिवाय राहत नाही.

या फेऱ्याला दूरदेशीचे एक जुळे भावंड आहे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपल्यावर कृष्णवर्णीय पुरुष हा स्वभावतःच हिंसक आणि धोकादायक असतो अशी ठरीव प्रतिमा, म्हणजे व्यक्ती न पाहता साऱ्या समूहावर चिकटवलेले ठरावीक चित्र, वर्तमानपत्रांनी, रंगमंचाने आणि नंतर चित्रपटाने रुजवली. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटात हे चित्र इतक्या ताकदीने रंगवले गेले की कु क्लक्स क्लॅन या हिंसक संघटनेचे त्याच वर्षी पुनरुज्जीवन झाले. तिथेही आधार आकड्यांचाच घेतला गेला : १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमातज्ज्ञाने तुरुंगातील आणि मृत्यूच्या नोंदींवरून कृष्णवर्णीयांच्या वंशातच दोष असल्याचे ‘सिद्ध’ करणारा ग्रंथ लिहिला, मात्र त्या नोंदी ज्या पोलिसांनी आणि न्यायालयांनी तयार केल्या त्यांचा पक्षपात त्याने हिशेबात धरला नाही. शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, जॉन डियुलिओ या अभ्यासकाने ‘सुपरप्रेडेटर’, म्हणजे दयामाया नसलेल्या महाहिंस्र किशोरांची लाट येत असल्याचे भाकीत केले, वृत्तवाहिन्यांनी ते काळ्या चेहऱ्यांसह घरोघर पोहोचवले, आणि प्रत्यक्षात किशोरवयीनांचे गुन्हे घटत गेले. पुढे डियुलिओ यांनी आपले भाकीत चुकल्याचे मान्य केले, पण तोवर त्या भाकिताच्या भीतीने केलेल्या कडक कायद्यांखाली असंख्य मुले तुरुंगात गेली होती.

ज्याला आकडाच हवा असेल त्याने पुढचा आकडा पाहावा. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार गांजा ओढण्याचे प्रमाण काळ्या आणि गोऱ्या अमेरिकनांत जवळपास सारखे असूनही गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.७३ पट होती. कृती सारखीच असताना अटकेत पावणेचार पटींचा फरक पडतो, तेव्हा अटकेच्या नोंदवहीतून पोलीस कोणाकडे पाहतात एवढेच कळते.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. माणच्या शेजारी खटाव तालुक्यात कटगुण आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे ते मूळ गाव. याच फुल्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा रोग दोन्हीकडे एकच आहे हे ज्या काळात ओळखले गेले, त्याच दशकाच्या आरंभी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला होता.

या कायद्याखाली भरडलेल्या समाजांनी आपली बाजू स्वतः लिहिलीही आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. तिथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या मांग समाजावरही हजेरीची सक्ती होती, आणि दरोडेखोर म्हणून नोंदल्या गेलेल्या माणसाची दुसरी बाजू दाखवणारी ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी १९५९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. फलटण तालुक्यातील सोमंथळीचे लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’मधून कैकाडी बिऱ्हाडाचे जगणे आतून मांडले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही पुस्तके या भागातल्या ग्रंथालयांतून आहेत; ‘त्यांचे सगळे ठाऊक आहे’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती उघडली असावीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतात. भटकणे यांच्या रक्तात असते, हा एक : भटकंती ही पोटासाठी होती, बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहत, रेल्वे आल्यावर तो व्यापार बुडाला आणि त्यांतील पुष्कळ जण स्थिर शेतकरी झाले. सगळ्या विमुक्तांना आदिवासींच्या सवलती मिळतात, हा दुसरा : ‘विमुक्त’ म्हणजे गुन्हेगार जमातींच्या यादीतून मुक्त केलेले, आणि महाराष्ट्रात रामोशी, बेरड, कैकाडी, वडार यांच्यासह चौदा जातींचा ‘विमुक्त जाती अ’ हा वेगळा प्रवर्ग असून त्यास नोकरी-शिक्षणात तीन टक्के जागा आहेत; फासेपारधी मात्र अनुसूचित जमातींत आणि मांग अनुसूचित जातींत मोडतात. कायदा गेला म्हणजे सगळे संपले, हा तिसरा : मुंबई प्रांताने तो १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला हे खरे, परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये; या कायद्यांत जातीचे नाव नसले तरी जुन्या याद्यांची सवय पोलिसांच्या हाताला राहिली.

त्या सवयीची गावातली बाजू अधिक भयंकर आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर येते, आणि भगव्या किंवा फाटक्या कपड्यातला परका माणूस दिसला की जमाव गोळा होतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मुख्यतः मंगळवेढा तालुक्यातून, म्हणजे जतच्या शिवेला लागून असलेल्या मुलखातून भिक्षेसाठी गेलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द जत तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारे समजून लाठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारहाण झाली. दोन्ही प्रकरणांत मूल पळवल्याचा पुरावा काडीचाही नव्हता. पालातल्या माणसाला चोर म्हणण्याची सवय नसती तर अफवेला एवढे बळ आले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, विमुक्त जमातींना सवयीने गुन्हेगार मानणारे उल्लेख रद्द केले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना दिली. कायद्याच्या बाजूने यापुढे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. उरले आहे ते गावाचे काम. पुढच्या वेळी दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या ठाण्यात चोरीची फिर्याद लिहायला बसणाऱ्याने काय गेले, केव्हा गेले आणि कोणाला काय दिसले एवढे सांगावे, ‘संशय कोणावर?’ या प्रश्नाच्या उत्तरात जातीचे नाव देऊ नये, आणि शेजारी बसलेला कोणी ते सुचवू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.