थकलेले हृदय आणि घरचा डॉक्टर

'हार्ट फेल झाले' असे आपण म्हणतो, ते माणूस गेल्यावर. त्यामुळे चालत्याबोलत्या माणसाच्या कागदावर डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' लिहिले की घरात रडारड सुरू होते. वैद्यकात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. हृदय बंद पडलेले नसते, ते थकलेले असते. कुणाचे नीट आकुंचन पावत नाही, तर कुणाचे ताठर होऊन नीट भरत नाही.

मग होते काय? मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते. शरीरातले पाणीच आटले असे समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हे पाणी पायांत उतरते, फुप्फुसांत साचते. आडवे झाले की धाप लागते आणि रोगी उठून बसतो.

हे पाणी डोळ्यांना दिसण्याआधी पुष्कळदा वजनकाट्याला कळते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आहे! रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगाला लागलेले खाणे नव्हे, साचलेले पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना वही दाखवावी. लघवीची गोळी थोडी वाढवून कित्येकदा इस्पितळाची वारी टळते. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठही विसरू नये.

लघवीच्या गोळीने आराम पडतो. आयुष्य वाढवणारी औषधे वेगळी. १९८७ साली स्कॅन्डिनेव्हियात अतिशय आजारी रुग्णांना एनालॅप्रिल देऊन पाहिले, तेव्हा मृत्यू घटले. ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे तर या रोगात एके काळी वर्ज्य मानीत. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांनी, आकुंचन कमी झालेल्या हृदयाला ती तारतात असे दाखवले. पण ही औषधे अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायची असतात. मधूनमधून रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. इस्पितळ चार दिवसांत घरी पाठवते. पुढचे हे चिकाटीचे काम गल्लीतल्या डॉक्टरांचेच.

आणि त्यांच्याइतकेच तुमचे. बरे वाटू लागले की गोळ्या बंद करायच्या, ही आपली जुनी खोड. इथे ती महागात पडते, कारण बरे वाटते तेच मुळी गोळ्यांमुळे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळीही पाणी साठवते. विचारल्याशिवाय घेऊ नये. एकाएकी दम कोंडला, छातीत कळ आली किंवा शुद्ध हरपली, तर मात्र वही शोधत बसू नका. १०८ क्रमांक फिरवा.

एरवी दोन मिनिटांचे वजन आणि वहीतली एक ओळ, एवढा नेम पाळा. डॉक्टरांच्या हाती त्याहून मोलाचा कागद तुम्ही क्वचितच देऊ शकाल.