कुंकवाची कोयरी

परवा जुन्या बाजारात एक पितळी कोयरी हातात आली, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

कोयरी म्हणजे आंब्याच्या आकाराचा हळदीकुंकवाचा करंडा. आत दोन खण: एकात हळद, एकात कुंकू. हिचं झाकण टोकाशी एका खिळ्यावर बाजूला फिरतं आणि त्यावर मूठ म्हणून छोटा मोर बसवलाय. मोराची पाठ बोटं लागून लागून गुळगुळीत झाली आहे. पिसांच्या खाचांत मात्र अजून लाली आहे!

पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवत. त्यामुळे फणेरपेटीत आरसा, फणी आणि करंड्यासोबत मेणाची डबीही असायची.

कुंकवाच्या या करंड्याला एक दुखरी बाजूही आहे. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसलं जाई, आणि करंडाही तिच्यापासून दूर होई. इतक्या देखण्या वस्तूबद्दल लिहिताना हे वगळणं मला पटत नाही.

अशा वस्तू नीट पाहायच्या असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. रोजच्या वापरातल्या गोष्टी तिथे फार प्रेमाने जमवल्या आहेत.

घरी जुनी कोयरी असेल तर चिंच लावून हलक्या हाताने घासा, लगेच कोरडी करा. तारेची घासणी नको, नक्षी झिजते.

तुमच्याकडे आहे का अशी? फोटो टाका.