मोटारघर घ्यावें, पण कोणतें ?

गेल्या दिवाळींत आमच्या उमरोळीच्या घरीं ओटीवर एक विषय निघाला आणि तो आठ दिवस मिटला नाहीं. वाडीचा एक तुकडा विकून मोटारघर घ्यावें, असें धाकट्या पुतण्याचें म्हणणें. मातोश्रींचें वय सत्याऐंशी, गुडघे अधू. वाटेंत शौचाची सोय नाहीं म्हणून त्यांनीं सहा वर्षांत पालघरच्या पलीकडे पाऊल टाकलेलें नाहीं. त्र्यंबकेश्वराचें दर्शन एकदां घडावें एवढीच त्यांची इच्छा. हेतु शुद्ध होता. म्हणूनच निवड चुकूं नये, ही चिंता मला लागली. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिकां’त वसंतसेना चारुदत्ताची समजून शकाराच्या गाडींत बसते, आणि त्या एका चुकींतून केवढा अनर्थ ओढवतो ! गाडीची निवड ही क्षुल्लक बाब नव्हे.

हौसेच्या प्रवासासाठीं मुद्दाम बांधवून घेतलेलें चाकांवरचें घर इंग्लंडांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं रस्त्यावर आणलें. ‘वाँडरर’ नांवाची ती गाडी घोडे ओढीत. आपल्याकडेही छपराच्या बैलगाडींत चूलबोळकें घालून यात्रेस जाणारीं कुटुंबें होतीं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारल्यापासून या वाहनांची चर्चा आपल्या घरांतही होऊं लागली आहे.

पहिला विचार माणसांचा. किती जण निजतील आणि किती जण बसतील, हे दोन निराळे प्रश्न होत. गाडी चालू असतां प्रत्येकास नोंदणींत दाखविलेलें आसन व पट्टा हवा. बिछान्यावर पडून प्रवास करणें धोक्याचें. नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबानें सारें घर एका गाडींत कोंबण्याचा हट्ट सोडावा व उरलेल्यांनीं आगगाडीनें यावें.

दुसरा विचार वजनाचा. गाडीस परवानगी असलेल्या एकूण वजनांतून तिचें स्वतःचें वजन वजा केलें म्हणजे राहील तेवढाच भार आपला. साठ किलोंचीं सहा माणसें म्हणजे ३६० किलो; शंभर लिटर पाण्याचे १०० किलो; गॅस, भांडीं, अंथरुणें व पिशव्या मिळून १५० धरले, तर बेरीज ६१० होते. विक्रेत्यास प्रथम हाच आंकडा विचारावा. एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असेल तर वाहन हलक्या वर्गांत मोडतें. चालविणाऱ्याचा परवाना त्या वर्गाचा आहे कीं नाहीं, तें पाहावें.

तिसरा विचार कायद्याचा. जुना टेम्पो घेऊन गल्लींतल्या सुताराकडून आंत पलंग व शेगडी बसवून घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणींतल्या तपशिलाशीं विसंगत फेरबदल करतां येत नाहींत. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडतो. मोटारघरांसाठीं ए. आय. एस. १२४ हें मानक आहे. त्यानुसार मंजुरी असलेलें व नोंदणी-पुस्तकांत तशी नोंद असलेलें वाहनच घ्यावें.

चौथा विचार विजेचा. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबानें १,२०० वॅट-तास वीज देते. तीस वॅटचा पंखा त्यावर चाळीस तास फिरेल. हजार वॅट ओढणारें वातानुकूलन यंत्र सव्वा तासांत थकेल. थंड हवेच्या जाहिरातीस भुलण्यापूर्वीं हा त्रैराशिकाचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. शिवाय आमच्या बाजूस पाऊस दांडगा आणि केळवें-सातपाटीची हवा खारट. म्हणून छपराचे सांधे भर पावसांत व गाडीचा तळ वांकून पाहावा.

हें सारें कागदावर मांडून झाल्यावर मीं पुतण्यास म्हटलें, “विकत घेण्यापूर्वीं तीन रात्रींसाठीं भाड्यानें आणूं.” गाडी आली. दूरदर्शन-संच, शीतपेटी, गुबगुबीत बैठक, सर्व कांहीं होतें. पण दाराची पायरी दीड हात उंच ! मातोश्रींस चौघांनीं उचलूं लागतांच त्या म्हणाल्या, “अरे, मला गांठोड्यासारखी देवाकडे नेऊं नका.” आंतली मोरी इतकी अरुंद कीं आधार द्यायला दुसरें माणूस शिरेना. जिच्यासाठीं गाडी आणली तिच्याच ती कामाची नव्हती. पुतण्याचा चेहरा उतरला. त्या दिवशीं मातोश्री घरींच राहिल्या.

दुसऱ्या खेपेस आम्हीं आंकडे बाजूस ठेवून फूटपट्टी घेतली. जमिनीलगतचें दार, दुमडती पायरी, दोन्ही बाजूंस धरायला दांडे, आणि दोघींना पुरेल एवढी मोरी : एवढेंच मागितलें. गाडी लहान, साधी, वातानुकूलनावांचून मिळाली. मनोर, जव्हार, मोखाडा करीत सावकाश निघालों. मातोश्रींनीं वाटेंत दोनदां गाडी थांबवून चहा घेतला व त्र्यंबकेश्वरीं दांडा धरून स्वतःच्या पायांनीं उतरल्या.

वाडी विकली नाहीं. वर्षांतून दोन यात्रांसाठीं भाड्याची गाडी आम्हांस पुरते. ज्यांना विकतच घ्यावयाची असेल त्यांनीं खुशाल घ्यावी. मात्र पैसे मोजण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत अशक्त माणसास एकदां तींत चढवून, उतरवून व एक रात्र निजवून पाहावें. त्यानें मान डोलावली, तर ती गाडी आपली.