ठिपक्यांनी केलेली फजिती

ट्रॉम्बेच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट करताना कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन माझ्याकडे आलं. लाल हीलियम-निऑन लेसर घासलेल्या काचेतून पाडला, १०० फोटोंची सरासरी काढली. तरी रवाळ ठिपके तसेच! सर म्हणाले, "फोटो कितीही काढ, काच हलवलीस का?"

तर मित्रांनो, ही भानगड १९६२ सालीच रिग्डेन आणि गॉर्डन यांनी नोंदवली होती. खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेल्या लेसरच्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. काच स्थिर, तर नक्षीही स्थिर. मग सरासरीने काय जाणार? ती 'पिक्सेलचा दोष' म्हणून दुरुस्तीच्या तक्त्यात शिरली असती आणि पुढच्या प्रत्येक फोटोत उलटी उमटली असती.

शेवटी काच मोटरवर फिरवली. १०० स्वतंत्र नक्ष्यांच्या सरासरीने ठिपक्यांचा उठाव एक-दशांशावर येतो. जर्नल मात्र पुन्हा लिहावं लागलं!