धुरांड्यांच्या गावात विजेची स्कूटर

दारात विजेची स्कूटर उभी केली की कुणीतरी थांबतंच. परवा एक काका थांबले. "कोळशाचीच वीज भरता ना जी हिच्यात? मंग फायदा कोनाचा?"

चंद्रपुरात हा प्रश्न कुणी पुस्तकात वाचून विचारत नाही. दुर्गापूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची धुरांडी इथे रोज डोळ्यांसमोर असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं होतं. विजेला 'स्वच्छ' म्हणताना इथल्या माणसाची जीभ अडखळते, ते योग्यच आहे.

तरीही दोन्ही गाड्या सारख्याच, हे मात्र खरं नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. चाकापर्यंत पाव हिस्साही मुश्किलीने पोचतो. विजेची मोटर मिळालेल्या विजेतली बहुतेक ऊर्जा चाकाला देते. आता हिशेब करू. लिटरला ४८ किलोमीटर देणारी स्कूटर दर किलोमीटरला साधारण ४८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. विजेच्या स्कूटरला वाहिन्यांमधली आणि चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला सुमारे ४५ वॅट-तास वीज लागते. देशात एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ते ७३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोमीटरला ३२-३३ ग्रॅम. सगळी वीज कोळशाचीच धरली तरी आकडा पेट्रोलच्या थोडा खालीच राहतो. फरक आहे, पण आकाशपाताळाचा नाही, आणि तो फुगवून सांगणाऱ्यांनीच लोकांचा विश्वास घालवला आहे.

एक गोष्ट आकड्यात येत नाही. जटपुरा गेटच्या गर्दीत पेट्रोलचा धूर थेट पायी चालणाऱ्याच्या नाकात जातो. तो थांबला तर शाळेतल्या पोराला त्याच दिवशी फायदा. पण राख दुर्गापूरवाल्यांच्या वाट्याला यायची ती येतेच, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. तिच्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे छत. आपल्याकडे ऊन काही कमी नाही. तीन किलोवॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा-एक युनिट देतात आणि स्कूटरच्या बॅटरीत तीन युनिट मावतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. गाडी रात्री चार्ज केली तरी दिवसा विजेच्या जाळ्यात दिलेली वीज बिलातून वजा होते.

दुसरी भीती आगीची. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४७ च्या आसपास जातो, त्यामुळे "गाडी पेटते म्हने ना?" हे ठरलेलं. २०२२ मध्ये देशात काही स्कूटरी खरोखर पेटल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. नुसत्या उन्हाने चांगली बॅटरी पेट घेत नाही. बहुतेक वेळा सेलमधला दोष, आतलं शॉर्टसर्किट किंवा निकृष्ट जोडणी कारण असते. ऊन मात्र बॅटरीचं आयुष्य नक्की खातं. मी दुपारी घरी आलो की गाडी कडुनिंबाखाली लावतो आणि लगेच चार्जर जोडत नाही. बॅटरीवरच्या पायदानाला हात लावून पाहतो. तवा तापल्यासारखं लागलं तर अंधार पडेपर्यंत थांबतो.

"बॅटरी सालभरात बसते" हा समज ई-रिक्षांकडे आणि स्वस्तातल्या हळू पळणाऱ्या स्कूटरींकडे पाहून झाला. त्यांतल्या अनेकींत शिसे-आम्लाची बॅटरी असते, आणि रोज पूर्ण वापरली तर ती वर्ष-दीड वर्षातच दमते. लिथियमची गोष्ट वेगळी, तिच्यावर कंपन्या तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत हमी देतात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: बॅटरी कशाची, आणि हमी कागदावर किती वर्षांची? लायसन्स नको असं दुकानदार म्हणाला, तर ती गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आतली आहे का, तेही विचारा. त्यावरच्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागतं.

पावसात शॉक बसत नाही. बॅटरीची पेटी पाणी आत जाऊ नये अशीच बंद केलेली असते. पण म्हणून पुलावरून वाहत्या पाण्यात गाडी घालायची असं नाही. भामरागडच्या पर्लकोटा नदीचं पाणी इंजिन कुठलं ते पाहत नाही.

आता अंतर. हा समज नाही, ही खरी अडचण आहे. रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्याचे पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला वीसेक हजार रुपये वाचतात, आणि अशांना मी निःशंकपणे ही गाडी घ्या म्हणतो. चंद्रपूरहून मूलला नोकरीला जाणाऱ्याने मात्र आधी मूलला दिवसभर प्लग मिळतो का ते पाहावं. गडचिरोलीहून भामरागडला जाणाऱ्याने तर आज स्कूटर घेऊच नये. जंगलातला लांबचा रस्ता, मध्ये चार्जिंगचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यात वीज दिवसचे दिवस जाते. राज्य सरकारचं २०२५ चं धोरण राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करू म्हणतं. ती भामरागडच्या वाटेवर आलापल्लीच्या पुढे कधी पोचते, याकडे माझं लक्ष आहे.

काकांना शेवटी मी घरातला प्लग दाखवला. जुन्या सैल सॉकेटवर चार्जर लावला की प्लास्टिक गरम होतं, म्हणून वायरमन बोलावून पंधरा अँपिअरचं नवं सॉकेट आणि अर्थिंग करून घेतलं होतं. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि विचारलं, "वायरमन कोनता बोलावला होता जी?"