लॅपटॉप हँग झाला म्हणून डिस्ट्रो बदलू नका

लिनक्सवरचा लॅपटॉप काम करता करता मध्येच थिजतो. माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. अशी तक्रार कोणी केली की सल्ला ठरलेला असतो: "उबुंटू आहे ना? मिंट टाक." मिंटवाल्याला फेडोरा सुचवतात, फेडोरावाल्याला डेबियन. हँग झाला तेव्हा नेमकं काय बंद पडलं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. कॉलेजातल्या मुलांचे रविवार फॉरमॅट करण्यात जातात, बॅकअप न घेतलेल्या प्रोजेक्टच्या फायली जातात आणि थोड्याच दिवसांत लॅपटॉप पुन्हा थिजतो. मग निष्कर्ष निघतो, की लिनक्स लॅपटॉपसाठी नाहीच. हे ऐकून ऐकून आता चीड येते, कारण यात वाया जाणारा वेळ आणि डेटा खरा असतो.

वस्तुस्थिती अशी आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स, एसएसडी आणि वायफाय या सगळ्यांशी बोलतो तो कर्नेल, आणि तो सगळ्या डिस्ट्रोंचा एकच आहे. इंटेलच्या ग्राफिक्सचा आय915 हा ड्रायव्हर उबुंटूत असतो तोच फेडोरात असतो. एएमडीचा एएमडीजीपीयूही तसाच. फरक असतो तो कर्नेलच्या आवृत्तीत आणि डिस्ट्रोने केलेल्या थोड्याफार बदलांत. तेव्हा दोष ड्रायव्हरमध्ये, बायोसमध्ये किंवा चिपमध्ये असेल तर वॉलपेपर बदलेल, दोष तिथेच राहील.

शंका असेल त्यांनी कर्नेलच्या बगझिलावरची 109051 क्रमांकाची नोंद वाचावी. 2015 मधली ही नोंद इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरांबद्दल आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये त्या काळी हे सेलेरॉन, पेंटियम आणि अ‍ॅटम सर्रास असत. प्रोसेसर रिकामा असताना खोल झोपेच्या अवस्थेत, म्हणजे सी-स्टेटमध्ये जायचा आणि लॅपटॉप पूर्ण थिजायचा. लॉगमध्ये एक ओळही उमटायची नाही. नोंदीखाली वेगवेगळ्या डिस्ट्रोंच्या वापरकर्त्यांनी हेच लिहिलं आहे. तात्पुरता उपाय होता बूटच्या वेळी कर्नेलला 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1' ही सूचना देण्याचा. बॅटरी जास्त खर्च व्हायची, पण हँग होणं थांबायचं. त्या लॅपटॉपवर कितीही डिस्ट्रो टाकून पाहिले असते तरी ही एक ओळ दिल्याशिवाय सुटका नव्हती.

"पण माझा डिस्ट्रो बदलल्यावर थांबला," असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. नव्या डिस्ट्रोबरोबर कर्नेलची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात दोष दुरुस्त झालेला होता, असं होतं. पण त्यासाठी फॉरमॅट कशाला? उबुंटूत एचडब्ल्यूई कर्नेल घेता येतो, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधून मिळतो, मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नेलांची यादीच असते. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नेल बहुधा शिल्लक असतो, तो निवडून पाहा. डेटाला हातही लावावा लागत नाही. दुसरी शक्यता साधी आहे. आठवड्यातून एकदा हँग होणारा लॅपटॉप नव्या डिस्ट्रोवर चार दिवस नीट चालला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आधी जितक्या अंतराने हँग व्हायचा त्याच्या कितीतरी पट वेळ थांबल्याशिवाय "गेला" म्हणू नये.

मग करायचं काय? लॅपटॉप थिजला की बटणाकडे हात नेण्याआधी पाहायचं, काय मेलंय आणि काय जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून काळा टर्मिनल आला, तर कर्नेल शाबूत आहे आणि अडकलाय तो डेस्कटॉप. स्क्रीन थिजली पण गाणं चालूच आहे, एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून आत शिरता येतंय, तर संशय ग्राफिक्सवर घ्या. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर ते कर्नेल पॅनिक आहे. काहीच प्रतिसाद नाही, पिंगलाही उत्तर नाही, तर सी-स्टेट, रॅम, बायोस अशा खालच्या थराकडे वळा.

एक प्रकार फार फसवा असतो. माउस हलतो, उघड्या खिडक्या थोडा वेळ चालतात, पण नवीन काही उघडत नाही आणि हळूहळू सगळं थांबतं. तेव्हा एसएसडीच नाहीशी झालेली असू शकते. 2017 मध्ये 4.11 कर्नेलात एनव्हीएमई डिस्कला आपोआप झोपवण्याची सोय आली, तिला एपीएसटी म्हणतात. काही डिस्क त्या झोपेतून उठेनात. डेलच्या एक्सपीएस 15 9550 आणि प्रिसिजन 5510 या लॅपटॉपांत सॅमसंगच्या काही डिस्कचं असं होतं, म्हणून त्या जोडीसाठी कर्नेलच्या सोर्स कोडमध्येच अपवाद लिहिला आहे.

यातूनच दुसरा गैरसमज समजून घेता येतो: "लॉगमध्ये काही नाही, म्हणजे कारण सापडणारच नाही." डिस्कच गायब झाली तर लॉग लिहायचा कुठे? आणि डिस्क ठीक असली तरी सिस्टमडीचा जर्नल नेहमीच्या नोंदी लगेच डिस्कवर पक्क्या करत नाही. त्याच्या मॅन्युअलप्रमाणे डिफॉल्ट अंतर 5 मिनिटांचं आहे, फक्त 'क्रिटिकल' आणि त्यावरच्या पातळीचे संदेश ताबडतोब लिहिले जातात. म्हणजे बटण दाबून बंद केलं की नेमक्या हव्या त्या शेवटच्या ओळी जातात. 'जर्नलसीटीएल -बी -1' ने मागच्या बूटचा लॉग जरूर पाहा, पण तो रिकामा दिसला म्हणून हात टेकू नका. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत जाऊन जर्नल चालू ठेवा. हँग होताना आलेल्या शेवटच्या ओळी निदान त्या स्क्रीनवर उरण्याची शक्यता असते.

बटणाऐवजी सिसआरक्यूही आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून क्रमाने एस, यू, बी दाबलं, की डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती होते आणि मशीन रीबूट होतं. अर्थात कर्नेल जिवंत असेल तरच. उबुंटूच्या डिफॉल्ट 176 या मूल्यात या तिन्ही कळांना परवानगी आहे. फेडोरात 16 असल्याने फक्त एस चालते, बाकीच्या आपण सुरू करायच्या.

"स्वॅप काढून टाक, मग हँग होणार नाही," हा सल्ला तर सरळ उलटा आहे. रॅम संपत आली की कर्नेल चालू प्रोग्रॅमांचा कोडच मेमरीतून काढतो, कारण तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. लगेच तोच कोड लागतो, पुन्हा वाचावा लागतो, आणि हे चक्र सुरू झालं की माउससुद्धा हलत नाही. स्वॅप नसला तरी हे होतं, उलट लवकर होतं, कारण न लागणारा बाकीचा डेटा हलवायला जागाच नसते. रॅम संपल्यावर एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नेलचा ओओएम किलर फार उशिरा जागा होतो, म्हणूनच फेडोरा 34 आणि उबुंटू 22.04 पासून डेस्कटॉपवर तेच काम आधी करणारा सिस्टमडी-ओओएमडी सुरू असतो. 4 जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे ढीगभर टॅब उघडल्यावरच हँग होत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप, सुरू करा, जमलं तर रॅम वाढवा.

"विंडोजवर नीट चालतो, म्हणजे हार्डवेअर ठीक आहे," हेही खरं नाही. रॅममधला एखादा खराब भाग विंडोजमध्ये क्वचित वापरला जाणाऱ्या जागी येऊ शकतो. झोपेच्या अवस्थाही दोन्हीकडे वेगळ्या वापरल्या जातात, आणि लॅपटॉपचं बायोस बहुतेकदा विंडोजवरच तपासलेलं असतं. मेमटेस्ट86+ रात्रभर चालवा. 2022 मधल्या 6.00 आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. व्हायरसमुळे हँग होतो: घरगुती लिनक्स लॅपटॉपवर हा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. गरम झाल्यामुळे थिजतो: तापल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की मशीन बंद होतं, त्यामुळे नुसतं थिजणं हे बहुधा तापमानाचं लक्षण नसतं. बायोस अपडेटला विंडोज लागतंच: अनेक कंपन्यांची अपडेट एफडब्ल्यूयूपीडीने लिनक्समधूनच होतात.

आणि कर्नेलच्या सूचनांबद्दल. कुठूनतरी मिळालेल्या पाच-सहा सूचना ग्रबमध्ये एकदम चिकटवणं हे डिस्ट्रो बदलण्याचंच भावंड आहे. हँग थांबला तरी कशामुळे थांबला ते कळत नाही, आणि बॅटरी मात्र रोज भुर्दंड भरते. एका वेळी एकच सूचना द्या. स्क्रीन थिजत असेल आणि ग्राफिक्स इंटेलचं असेल तर 'आय915.एनेबल_पीएसआर=0', डिस्कवर संशय असेल तर एपीएसटी बंद करणारी. पुरेसे दिवस थांबा, फरक पडला नाही तर ती काढून पुढची द्या. जी लागू पडेल ती लॅपटॉपच्या मॉडेलसह आणि कर्नेलच्या आवृत्तीसह बगझिलावर नोंदवा. नवा कर्नेल आला की तीच सूचना एकदा काढून पाहा, कारण त्या मॉडेलसाठीचा अपवाद एव्हाना कर्नेलातच आलेला असू शकतो.